दंतरोपणानंतरचा आहार
जबड्याच्या अस्थीत टायटॅनियमचा खुंट बसविल्यावर बधिरता ओसरेपर्यंत काही खाऊ नये, कारण स्वतःचाच गाल चावला गेल्याचेही उमगत नाही. जखमेवर धरलेली रक्ताची गुठळी हेच तिचे खरे आच्छादन. ती कढत चहाने सुटू नये अथवा नळीने पेय ओढताना निसटू नये, म्हणून पहिले 24 तास गार केलेली मुगाची पेज, गोड ताक किंवा मऊ दहीभात चमच्याने, दुसऱ्या बाजूने घ्यावा. पुढे आठवडाभर आसट खिचडी चालेल; चटणीतले तीळ मात्र वर्ज्य, टाक्यांत अडकलेला कण सहजी निघत नाही. तंबाखू आणि मद्य यांस साफ मनाई. तलफदारांना हा हुकूम जाचक वाटेल, त्यास इलाज नाही. अस्थी व धातू यांचा सांधा जुळावयास बहुधा 3 ते 6 महिने लागतात.