आडवाटेची सोय



बेळगावहून पणजीला जाणारा प्रवासी बहुधा चोर्ला घाटाची वाट धरतो. पावसाळ्यात तेथे दरड कोसळली तर तो खानापूर, लोंढा करीत अनमोड घाटाने उतरतो. हा निर्णय मोटारीचा चालक करतो, कारण त्याला दोन्ही वाटा ठाऊक असतात आणि दरडीची वार्ता कोणीतरी त्याच्या कानी घातलेली असते. कचेरीतल्या सर्व्हरला मात्र वाटाही आपणच सांगाव्या लागतात आणि दरडीची वार्ताही आपणच पोहोचवावी लागते. तिची सोय कशी करावी, याविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

समजा, तालुक्याच्या गावी एक पतपेढी आहे. खात्यांचे हिशेब शहरातील मुख्य कचेरीत असून तेथवर कायम भाड्याने घेतलेली तार आहे. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी ही तार तुटली, तर पासबुक हाती धरून उभ्या असलेल्या माणसाला स्वतःचेच पैसे मिळत नाहीत. म्हणून टेलिफोनच्या लाइनीवर एक मोडेम बसवितात. मुख्य तार निकामी झाली की सर्व्हरने क्रमांक फिरवावा व काम पुढे चालवावे, अशी ही योजना.

सर्व्हरजवळ मार्गांचा एक तक्ता असतो. कोणत्या पत्त्याचा मजकूर कोणत्या दाराने पाठवावयाचा, हे त्यात ओळीओळीने लिहिलेले असते. टपाल कचेरीतील वर्गीकरणाचे खण डोळ्यांपुढे आणा. नेमक्या गावाचा खण असेल तर पत्र त्यातच पडते, नसेल तर जिल्ह्याच्या खणात, आणि तोही नसेल तर ‘इतर’ खणात. सर्व्हरही सर्वांत नेमकी ओळ आधी मानतो. दोन ओळी सारख्याच नेमक्या असल्या, तरच तो त्यांपुढील ‘मेट्रिक’ हा अंक पाहतो व लहान अंकाची वाट धरतो. म्हणून मुख्य तारेला १० आणि टेलिफोनला २०० असे अंक द्यावेत.

येथे पुष्कळ जण फसतात. मुख्य तार ‘इतर’ खणात आणि टेलिफोनची ओळ मात्र मुख्य कचेरीच्या नेमक्या पत्त्यावर, अशी मांडणी झाली की अंक कितीही मोठा द्या, मजकूर टेलिफोननेच जाणार. तार धडधाकट असूनही काम मुंगीच्या पावलांनी चालते आणि बिल तेवढे वाढते. शिवाय विंडोज प्रणालीत डायल-अप जोडणी लागताच ती स्वतःलाच सर्वसाधारण वाट म्हणून पुढे करते. ही सवय तिच्या सेटिंगमध्ये जाऊन मोडावी लागते.

खरी अडचण दरडीच्या वार्तेची आहे. सर्व्हरपासून भिंतीवरच्या राउटरपर्यंतची वायर शाबूत असते, दिवा हिरवा असतो. तार तुटलेली असते पाच कोस पलीकडे. सर्व्हर बिचारा समजतो की वाट मोकळी आहे. म्हणून दर काही सेकंदांनी पलीकडच्या टोकाला हाक घालावी आणि लागोपाठ चार-पाच हाकांना उत्तर आले नाही, तर ती ओळ तक्त्यातून काढावी, अशी व्यवस्था करतात. ही हाक मुख्य तारेनेच जावी, असे बांधून द्यावयास विसरू नये. नाहीतर टेलिफोन जोडला जाताच हाक त्या वाटेने पोहोचते, उत्तर येते, आणि तार दुरुस्त झाली असे मानून सर्व्हर टेलिफोन खाली ठेवतो. लगेच पुन्हा उचलतो. हा खेळ दिवसभर चालू शकतो. तार खरोखर दुरुस्त झाल्यावरही काही मिनिटे थांबूनच परत फिरावे.

परतीची वाट हीदेखील वाटच आहे. आपला मजकूर टेलिफोनने गेला आणि मुख्य कचेरीचा राउटर उत्तर मात्र त्या तुटलेल्या तारेनेच धाडू लागला, तर येथे बसलेल्या कारकुनाला सगळेच बंद दिसते. दोन्ही टोकांच्या तक्त्यांत ही सोय हवी.

आता वेगाचा हिशेब. मोडेमचा वेग फार तर सेकंदाला ५६ हजार बिट. पासबुकातील नोंदीसाठी पाच किलोबाइट मजकूर लागला, तर तो सेकंदाच्या आत जातो. दहा मेगाबाइटची फाइल मात्र सुमारे २४ मिनिटे घेते, आणि प्रणालीची एक गिगाबाइटची सुधारित आवृत्ती सुमारे ४० तास! म्हणून आडवाटेवर केवळ हिशेबाच्या मजकुराला परवाना द्यावा. घड्याळ जुळविण्याची विचारणा वा सुधारणांचा शोध यांसाठी सर्व्हरने मध्यरात्री टेलिफोन उचलता कामा नये, आणि काही मिनिटे शांततेत गेली की तो आपोआप खाली ठेवला जावा.

कोणी विचारील, डायल-अपचे दिवस आता उरले कोठे? प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतील एओएल कंपनीनेही आपली डायल-अप सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद केली. आपल्याकडे मोडेमच्या जागी बहुधा मोबाइलचे डेटा कार्ड येते. वेग वाढतो, परंतु तक्ता, अंक, हाक आणि परतीची वाट यांत काडीचाही फरक पडत नाही. उलट एक गोष्ट अधिक तपासावी: दोन्ही वाटा एकाच खांबावरून वा एकाच चरातून तर जात नाहीत ना? रस्ता खोदणाऱ्या यंत्राला मुख्य कोणती आणि राखीव कोणती, हे कळत नाही.

शुभवर्तमानातील दहा कुमारींच्या दृष्टांतात शहाण्या पाच जणींनी जादा तेल बरोबर घेतले होते. आपल्या कचेऱ्यांतून तेल बहुधा असते, वात कोणी पेटवून पाहिलेली नसते. हाताने लिहिलेली ओळ सर्व्हर पुन्हा सुरू होताच पुसली जाते, ती कायम ठेवण्याची आज्ञा वेगळी द्यावी लागते. आणि हे नेमके वीज जाऊन आल्यावर उघडकीस येते. तेव्हा महिन्यातून एकदा, कामाच्या ऐन वेळी, आधी सर्वांना कळवून, मुख्य तार राउटरपासून स्वतःच्या हाताने सोडवावी आणि घड्याळ लावून बसावे. पहिली नोंद किती वेळाने उमटली, तार पुन्हा जोडल्यावर टेलिफोन केव्हा खाली गेला, या दोन वेळा सर्व्हरशेजारच्या वहीत तारखेसह लिहून ठेवाव्यात.