‘हिम’ की ‘हिज’?

एका विद्यार्थ्यानं लिहिलं होतं, ‘मदर डिडन्ट लाइक हिम गोइंग.’ मी ‘हिम’ खोडून ‘हिज’ केलं आणि गुण कापला. मराठीतच बघा ना, आईला ‘त्याचं जाणं’ आवडलं नाही. तो मुलगा काही नावडता नव्हता! उलट ‘आय सॉ हिम गोइंग’ म्हणजे ‘त्याला जाताना’ पाहिलं. तिथं ‘हिम’च हवं.

पण पहिलं ‘हिम’ चूकच का? इंग्रज कोशकार फाउलर यांनी १९२६ च्या ग्रंथात ते त्याज्य ठरवलं, तर डॅनिश पंडित येस्पर्सन यांनी त्याची बाजू घेतली. बोलताना इंग्रज सर्रास तसंच म्हणतात. अर्जात, निबंधात मात्र ‘हिज’ बरं. त्या मुलाचा गुण मी आज कापला नसता.