मुंबईत टाळानं दिलेली माणसं
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात केलेलं भाषण)

मी चौथी शिकलेला, भातशेती करणारा माणूस. लिहून बोलायचं जमत नाय, म्हणून बोलेन ते पोरं उतरून घेणार आहेत.

दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून सगळे पंढरीची वाट सांगतायत. मी मुंबईचं सांगतो. आपल्या गुहागर तालुक्यात घरटी एक माणूस मुंबईला. भात-नाचणी वर्षाला पुरायची नाय, मग गिरणीची वाट. मी १९७७ साली गेलो, सतराव्या वर्षी. लालबागला गाववाल्यांची खोली होती, दहा बाय बाराची. माणसं वीस-बावीस! गिरण्या तीन पाळ्यांत चालायच्या म्हणून मावायचो. एक पाळी कामावर, एक झोपलेली, एक खानावळीत. ज्याच्या वळकटीशेजारी माझी वळकटी, त्याचं तोंड आठवडाभर दिसायचं नाय.

शनिवारी रात्री मात्र चाळीच्या गॅलरीत सतरंजी पडायची. बुवांनी मला कोणाचा, कुठल्या वाडीचा काय विचारलं नाय. हातात टाळ दिला आणि म्हणाले, "मागं धर." भजनाचं असंच आहे बघा. पुढचा चाल सांगतो, मागचे ध्रुपद उचलतात. अभंग पाठ नसला तरी दोनदा ऐकला की तिसऱ्यांदा तोंडात येतो. भजनी ठेक्यात टाळ चुकला तर शेजारचा कोपरानं ढोसतो. बोलून ओळख व्हायला महिना गेला असता, ती दोन अभंगांत झाली. लाजरा माणूस एकटा गाणार नाय, पण वीस जणांत त्याचा गळा मोकळा होतो. आणि तो गात नसला तर तेही कळतं. एकदा मी अंगात ताप घेऊन बसलो होतो, कोणाला बोललो नव्हतो. बुवांनी आवाजावरनं ओळखलं आणि केईएमला घेऊन गेले.

पलीकडच्या खोलीत साताऱ्याची मंडळी. आपण त्यांना घाटी म्हणायचो, ते आपल्याला कोकणी. जातपात नव्हतीच असं मी म्हणणार नाय, खोल्यासुद्धा गाववार आणि जातवार होत्या. चालीवरनं पहिले दोन शनिवार खटके उडाले. मग ठरलं, एक अभंग त्यांच्या चालीत, एक आपल्या. पुढं आषाढीला वडाळ्याच्या विठ्ठलाला सगळे एकत्रच जाऊ लागलो.

१८ जानेवारी १९८२ ला संप झाला. अडीच लाख कामगार घरी बसले. पगार बंद, खानावळ उधारीवर. त्या दिवसांत भजन रोज व्हायचं, दुसरं काम काय होतं? आरतीच्या ताटात पडेल ते आधी आजाऱ्याला, मग कोणाच्या गावच्या तिकिटाला. वर्ष-सव्वा वर्षानं मीपण गावी आलो. मंडळी पांगली. चाळीतला मृदंग आमच्याबरोबर एसटीच्या टपावरनं आला. आत्ता मागं ज्याच्या धुमेला कणिक लावतायत, तोच तो.

आता आपली पोरं विरार, नालासोपारा, दिव्याला. स्वतःचे ब्लॉक झाले, चांगलं झालं. पण दार लावलं की शेजारी कोण ते माहीत नाय. भजन मोबाईलवर ऐकतात. ऐकू देत, पण मोबाईल कोपरानं ढोसत नाय.

विरारला आपल्याच चार पोरांनी एकादशीला हरिपाठ सुरू केलाय. रात्री वाजवायला सोसायटीत हरकत आली, म्हणून साडेसातला बसतात. मृदंग नाय, टाळ एकच जोड, बाकीचे टाळ्या वाजवतात. दिंडीच्या पेटीत टाळांचे सहा जोड जादा आहेत. त्यातले दोन त्यांना द्यावेत, असं मी पंचांना विचारतोय. आणि ज्यांची मुलं, सुना, नातवंडं तिकडं आहेत, त्यांनी प्रसादाला बसायच्या आधी नंबर विणेकऱ्यांकडे लिहून द्या. पोरं फोन करतील.

रामकृष्ण हरी.