तुटलेला पत्ता

मंडळी, बमरोलीत मी होमिओपॅथीच्या गोळ्या देतो; छपाई हा माझा धंदा नव्हे. तरी संदर्भसूचीतल्या संकेतस्थळांच्या पत्त्यांवर बोलायला उभा आहे, त्याला कारण घडले.

खानदेशातून सुरतेस आलेल्या आपल्या घरांवर लिहिलेला माझा एक लेख छापून आला. खाली मराठी विश्वकोशातील एका नोंदीचा पत्ता दिला होता. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत बसून उभारलेले ते काम आता घरबसल्या वाचता येते. पत्ता ओळीत मावेना, म्हणून जुळाऱ्याने मध्ये संयोगचिन्ह घालून तो तोडला. नातीने चिन्हासकट टंकला. "आजोबा, असं पानच नाही." मी खोटा ठरलो!

शब्द तोडताना संयोगचिन्ह लागते. पत्त्यात मात्र तेही एक अक्षरच असते. आम्ही 30 पोटेन्सी लिहावी आणि कोणी 300 वाचावी, तसे.

यावर उपाय जुनाच आहे. डोनाल्ड क्नूथ यांच्या 'टेक'वर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी 'लाटेक' ही मोफत अक्षरजुळणी उभारली. तिच्यातल्या 'यूआरएल' आज्ञेच्या कंसात पत्ता टाकला की टिंब, तिरकी रेघ अशा जागीच ओळ मोडते, वरून चिन्ह घातले जात नाही. पत्त्यात मुळातच संयोगचिन्ह असेल तर तिथे ती आपण सांगितल्याशिवाय मोडत नाही, कारण ते पत्त्यातले की छपाईतले हे वाचकाला कसे कळणार? तरीही ओळ समासात घुसली तर 'एक्सयूआरएल' घ्यावे. ते कुठेही मोडू देते.

खरी पंचाईत आपल्या लिपीची. 'मराठी' हा शब्द पत्त्यातून उचलून पाहा. म, र, काना, ठ, वेलांटी अशी पाच चिन्हे. प्रत्येकाची टक्क्याच्या खुणांसह नऊ अक्षरे होतात, एकूण 45! शिवाय लाटेकमध्ये टक्क्याचे चिन्ह म्हणजे 'इथून पुढची ओळ सोडून दे'. 'यूआरएल'च्या कंसात ते खपते. तोच कंस तळटीपेच्या कंसात गेला की गाडी अडते. अशा वेळी 'यूआरएलडेफ'ने पत्त्याला आधी नाव द्यावे आणि तळटीपेत ते नाव लिहावे. पान पाहिल्याची तारीख विसरू नये. संकेतस्थळेही बिऱ्हाड बदलतात.

त्या लेखाची सूची मी पुन्हा जुळवली आणि तपासायला नातीलाच बसवले. सातांपैकी सहा पत्ते उघडले. सातव्यात माझीच वेलांटी चुकली होती.