शाळा उघडी ठेवणारी चाचणी



कोरोनाच्या साथीत मार्च २०२० मध्ये बंद झालेले पहिली ते चौथीचे वर्ग उघडण्यास शासनाची अनुमती मिळाली ती १ डिसेंबर २०२१ पासून. दिग्रस तालुक्यात ज्या घरी मोबाइल नव्हता, त्या घरच्या मुलाचे या काळात काय झाले असेल, हे शिक्षकांस सांगावयास नको.

२३ नोव्हेंबर २०२० रोजी नववी ते बारावीचे वर्ग उघडण्यापूर्वी शिक्षकांची चाचणी झाली. परंतु चाचणी त्या दिवसापुरतेच सांगते. चार दिवसांनी बाधा झालेला शिक्षक कागदावर निरोगीच राहतो. इंग्लंडमध्ये ८ मार्च २०२१ पासून माध्यमिक विद्यार्थ्यांची आठवड्यातून दोनदा शीघ्र चाचणी होऊ लागली. ती आरटी-पीसीआरइतकी सूक्ष्म नसते. पण उत्तर अर्ध्या तासात मिळते, आणि ज्याच्याकडून रोग पसरण्याचा संभव अधिक, तो बहुधा तीत सापडतो. मग त्या एकालाच घरी ठेवावे लागते, साऱ्या शाळेला कुलूप नव्हे. अर्थात उत्तर निर्दोष आले तरी ताप असलेल्या मुलास वर्गात बसवू नये.

पुन्हा साथ आल्यास द्विशिक्षकी शाळेत प्रारंभ गुरुजींपासूनच व्हावा. त्यांचे नाक आधी पुढे आले की मुलांचे भय निम्मे ओसरते. पालकांची संमती मात्र अगोदर घ्यावी.