डोक्यावरचे पत्रे आणि छातीतली धूळ



आपल्यापैकी अनेकांच्या घरांवर सिमेंटचे पत्रे आहेत. त्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा शाबूत आहे तोवर फारसे भय नाही. तो कापला, फोडला की डोळ्यांना न दिसणारे तंतू उडतात आणि श्वासावाटे फुप्फुसात जाऊन बसतात. त्यातून होणारा कर्करोग बहुधा २० ते ४० वर्षांनी उठतो. म्हणूनच आजच्या धुळीची कोणी पर्वा करीत नाही. ब्रिटनने १९९९ साली यावर बंदी घातली. आपल्याकडे पत्रे अजून विकले जातात.

पावसाळ्याच्या तोंडावर पत्रे बदलताना ते आधी पाण्याने भिजवावेत, अखंड उतरवावेत, वरून फेकू नयेत. चुरा कोरड्या झाडूने झाडू नये. ओल्या फडक्याने टिपून फडक्यासकट जाड पिशवीत बांधावा. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. भगिनींना विशेष सांगणे, कामावरचे कपडे घरात झटकू देऊ नका. असे कपडे धुणाऱ्या बायकांनाही हा रोग झालेला आहे.

कारखान्यातील बांधवांसाठी सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ चा निकाल महत्त्वाचा आहे. नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा नोकरी सुटल्यावर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर कामगाराच्या प्रकृतीची नोंद मालकाने जपायची आहे. आम्ही बँकेत जुन्या खतावण्या जपतो, मग माणसाच्या छातीचा हिशेब का जपू नये? ती नोंद मागून घ्या. एक्स-रे घरच्या पेटीत ठेवा. आणि खोकला घेऊन डॉक्टरांकडे गेलात तर पूर्वी काय काम केले तेही सांगा. ते विचारतीलच असे नाही.