नायट्रो गाडीची सुई

रिमोटवर पळणाऱ्या ज्या छोट्या गाड्यांत खरंखुरं इंजिन असतं, त्या नायट्रो गाड्यांबद्दल आज बोलायचं आहे. अशी गाडी नवीन घेतली की पहिला प्रश्न ठरलेला: हिचा वेग कसा वाढवायचा? कार्ब्युरेटरवरची मोठी सुई स्क्रूड्रायव्हरने थोडी आवळली की वेग लगेच वाढतोही. माझं म्हणणं असं की नवशिक्यांच्या हातून इंजिनं अकाली जातात ती याच आवळण्यापायी. सुईला हात लावायचा तो इंजिनाला पुरेसं तेल आणि पुरेसा गारवा मिळतोय ना, एवढं पाहण्यासाठी. वेग त्यातून मिळेल तेवढा घ्यावा.

याचं कारण इंधनाच्या डब्यातच आहे. या इंधनात मुख्यतः मिथेनॉल असतं, साधारण 10 ते 30 टक्के नायट्रोमिथेन असतं आणि 8 ते 18 टक्के चक्क तेल असतं, एरंडेल किंवा कृत्रिम. जुन्या लुनात किंवा चेतकमध्ये पेट्रोलबरोबर टू-टी ऑइल घालावं लागे, तसाच हा प्रकार. फक्त तेल कितीतरी जास्त. कारण इंजिन जेमतेम 2 ते 3.5 सीसीचं असलं तरी मिनिटाला 30 हजारांच्या वर फेरे घेतं, आणि त्याला ऑइलची वेगळी टाकी नसते. इंधन आधी क्रँककेसमधून जातं, बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉड भिजवतं, मग पिस्टनच्या वर चढतं. म्हणजे सुई आवळून इंधन कमी केलं की तेलही त्याच प्रमाणात कमी झालं. गारव्याचंही तसंच. मिथेनॉलची वाफ होताना ते वजनाच्या हिशेबात पेट्रोलच्या सुमारे तिप्पट उष्णता ओढून घेतं, आणि तेवढ्याच हवेत ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त जळतं. इंजिनाच्या पोटातून सतत गार करणारा द्रव वाहतो आहे, असं समजा.

आता या इंजिनात ठिणगी टाकणारा स्पार्क प्लग नसतो. असतो तो ग्लो प्लग, म्हणजे प्लॅटिनमच्या मिश्रधातूची एक बारीक गुंडाळलेली तार. सुरू करताना ती दीड व्होल्टच्या इग्नायटरने लाल करायची. पुढे ज्वलनाची उष्णता आणि प्लॅटिनमवर होणारी मिथेनॉलची रासायनिक क्रिया तिला तापलेली ठेवते. त्यामुळे इंधन-हवेच्या मिश्रणाने नेमकं कधी पेट घ्यायचा हे ठरवणारी वेगळी यंत्रणा इंजिनात नाही. इंजिन तापलं की मिश्रण लवकर पेटतं, लवकर पेटलं की इंजिन आणखी तापतं. इंधन कमी, म्हणजे ज्याला लीन म्हणतात, त्या बाजूला सरकताना जोर वाढत जातो आणि सीझ होण्याच्या, म्हणजे पिस्टन अडकून बसण्याच्या, जरा अलीकडे इंजिन सगळ्यात सुरेख पळतं. नवशिक्या फसतो तो इथे.

मग सुई सैलच ठेवावी, भरपूर इंधन जाऊ द्यावं, असं कुणी म्हणेल. पण तेही चालत नाही. या इंजिनांत बहुधा पिस्टनला रिंगा नसतात. ॲल्युमिनियमचा पिस्टन, पितळेचा लायनर आणि त्यावर क्रोमचा मुलामा. लायनर वरच्या टोकाला किंचित निमुळता असतो. गार इंजिनात पिस्टन वर गेला की तिथे अडकल्यासारखा होतो, तापल्यावर लायनर फुगतो आणि दोघांचं जमतं. इंजिन फार रिच, म्हणजे फार जास्त इंधनावर, आणि त्यामुळे फार गार चालवलं, तर प्रत्येक फेऱ्याला पिस्टन त्या निमुळत्या जागी घासतो आणि कनेक्टिंग रॉडवर ताण येतो. म्हणून नवीन इंजिन रुळवताना सिलिंडरचं हेड हेअर ड्रायरने आधी कोमट करून घ्यावं, मिश्रण रिच ठेवावं, पण हेड 90 अंश सेल्सिअसच्या आसपास येऊ द्यावं. पुढच्या रोजच्या चालवण्यात 100 ते 120 अंश ठीक. पहिल्या काही टाक्या पूर्ण थ्रॉटल लांबवर धरून ठेवू नका.

ट्यूनिंगचा क्रम असा: आधी वेगाची सुई, म्हणजे ती मोठी, मग मंद गतीची, शेवटी आयडलचा स्क्रू. इंजिन तापल्यावरच हात लावायचा, आणि एका वेळी पूर्ण फेऱ्याचा आठवा भाग, त्याहून जास्त नाही. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवलं की इंधन कमी होतं. प्रत्येक बदलानंतर गाडी एक-दोन चकरा पळवून पाहा. पूर्ण वेगातसुद्धा एक्झॉस्टमधून निळसर पांढऱ्या धुराची रेघ दिसलीच पाहिजे. तो धूर म्हणजे तेल पोचत असल्याची खूण. मंद गतीची सुई तपासायला इंजिन आयडलवर ठेवून कार्ब्युरेटरजवळ इंधनाची नळी चिमटीत दाबा. आवाज किंचित चढून तीन-चार सेकंदांत इंजिन बंद पडलं, तर सेटिंग बरोबर. दाबताक्षणी बंद पडलं तर लीन. बराच वेळ चढत राहिलं तर रिच.

एवढी खटपट कशाला, तापमापक रोखला की झालं, असंही म्हटलं जातं. तापमापक हवाच, पण एकट्याच्या भरवशावर राहू नये. पुण्यात मे महिन्याच्या दुपारी जमवलेली सुई डिसेंबरच्या सकाळी लीन ठरते, कारण थंड हवा दाट असते आणि तिच्यात प्राणवायू जास्त असतो. पण त्याच थंड हवेने हेडही गार राहतं. आकडा कमी दिसतो म्हणून सुई आणखी आवळली, तर नुकसान ठरलेलं. धूर, आवाज आणि आकडा तिन्ही जुळले पाहिजेत. आणि काही न बदलता इंजिन अचानक लीन वागू लागलं, तर सुईकडे नंतर वळा. आधी नळीला चीर, टाकीचं सैल झाकण किंवा कार्ब्युरेटरच्या बुडाशी हवेची गळती शोधा. एअर फिल्टरचा स्पंज धुऊन, फिल्टर ऑइल लावून बसवलेला असावा. आपल्याकडच्या धुळीत हा स्पंज कोरडा राहिला तर पिस्टन आणि लायनर पॉलिशपेपरने घासल्यासारखे झिजतात.

बॅटरीवरची ब्रशलेस मोटरची गाडी याहून वेगवान आणि बिनकटकटीची असते, हे खरंच आहे. ज्याला फक्त वेग हवा त्याने तीच घ्यावी. पण एक-अष्टमांश आकाराच्या ऑफ-रोड नायट्रो गाड्यांच्या जागतिक स्पर्धा 1986 पासून होत आल्या आहेत, आणि त्यांची अंतिम शर्यत तासभर चालते. मधे अनेकदा इंधन भरावं लागतं. तिथे तासभर न थांबता चालणारं इंजिन कामाचं. चार चकरा सर्वांत वेगात मारून बंद पडलेल्या इंजिनाचा उपयोग नाही.

इंधन हाताळताना एक गोष्ट विसरू नका. 2015 साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरहून अधिक माणसं दगावली, त्या दारूत मिथेनॉलच होतं. ते त्वचेतूनही शरीरात जातं आणि त्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. हातमोजे घाला, डबा मुलांपासून लांब ठेवा आणि इंधन कधीही पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवू नका.

दिवसाचा खेळ संपला की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्या. मिथेनॉल हवेतला ओलावा शोषतं, आणि उरलेल्या इंधनामुळे बेअरिंगला गंज चढतो. कोकणातल्या पावसाळ्यात तर फारच लवकर. कार्ब्युरेटरमध्ये आणि ग्लो प्लगच्या भोकातून आफ्टर-रन ऑइलचे, म्हणजे गंज रोखणाऱ्या तेलाचे, काही थेंब टाका, इग्नायटर न लावता इंजिन थोडं फिरवा आणि पिस्टन खालच्या टोकाला आणून ठेवा, म्हणजे तो त्या निमुळत्या जागी आवळून बसणार नाही. फ्लायव्हीलवर मार्करने एक खूण केलीत, तर पिस्टन खाली आहे हे पाहायला दर वेळी प्लग काढावा लागणार नाही.